वाडीची बैठक आधी, तुमची सही नंतर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीतून, अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर, तुम्ही ग्रामपंचायतीत निवडून आलात. वय २७. वाडीत ३८ घरं, त्यातल्या २२ जणांना पीएम-जनमन या आदिम जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून घरकुल मंजूर झालंय. वाडीखालची जमीन मात्र गावातल्या एका खातेदाराच्या नावावर आहे आणि दिवाळीनंतर त्याने कुंपणासाठी खांब रोवायला सुरुवात केली. सरपंच म्हणतात, रस्त्याकडेला दुसरी जागा बघून ठेवली आहे, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेऊ, आदिवासींच्या वतीने तुम्ही सही करा. सही नाही झाली तर घरकुलं परत जातील, असंही ते सांगतात. इकडे वाडीत कुजबुज सुरू आहे की तुम्ही आता ‘त्यांच्यातल्या’ झालात. तुम्ही विचारलंय : मी नक्की कोणाची बाजू घ्यायची आणि ती मांडायची कशी?

मी गेली २२ वर्षं कातकरी आणि ठाकर वाड्यांमध्ये राहत्या जागेच्या आणि घरकुलाच्या कामात आहे. वकील नाही, पण वकिलांबरोबर बरंच काम केलंय, आणि ग्रामसभेत मागच्या रांगेत बसून कितीतरी ठराव ऐकलेत.

माझ्या मते, बाजू कोणाची घ्यायची ही तुमची खरी अडचण नाही. वाडीने अजून काही ठरवलेलंच नाही, ही आहे. रस्त्याकडेची जागा हवी की नको, यावर वाडी एकत्र बसलेलीच नाही. त्यामुळे तुम्ही होय म्हणालात तरी ते तुमचं एकटीचं होय, आणि नाही म्हणालात तरी एकटीचं नाही. सरपंचांना एका सहीवर काम उरकायचंय, आणि वाडीला वाटतंय की सगळं तुम्हीच ठरवताय. दोन्हीकडून ओझं तुमच्याच डोक्यावर. ते उतरवायचा एकच मार्ग मला माहीत आहे : आधी वाडीची बैठक, मग तिचा लेखी निर्णय, आणि त्यानंतर तुमची सही.

हे मी शिकले ते एका वाईट अनुभवातून. कामाच्या तिसऱ्या वर्षी एका वाडीला १९ घरकुलं आली. वाडीतर्फे बोलायला एक जण पुढे आला. चांगलं बोलायचा, कचेरीत जायला बिचकत नसे. मलाही बरं वाटलं, वाडीचाच माणूस आहे म्हणून. तो वीटभट्टीचा मुकादम होता. दरवर्षी मालकाकडून उचल आणून जोडप्यांना भट्टीवर न्यायचा. आणि वाडीखालची जमीन होती त्याच भट्टीमालकाच्या भावाची. मुकादमाने दीड-दोन किलोमीटर लांबच्या सरकारी जागेला वाडीच्या वतीने होकार दिला, घरं बांधून झाली, फोटोही निघाले. घरं झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा १९ पैकी ४ घरांत माणसं होती. बाकीच्यांत सरपण रचलेलं, एका घरात शेळ्या. बाकीची माणसं पुन्हा जुन्या जागेवर, कारवीच्या कुडाच्या घरांत. ओढा तिथे, रान तिथे, माणसं पुरलेली जागाही तिथेच. एक म्हातारी बाई मला म्हणाली, “आमाला कोनी इचारलाच नाय. इचारला तो त्याला.” तो माणूस वाईट नव्हता. ज्याच्याकडून वर्षाची उचल घ्यायची, त्याच्याविरुद्ध तो बोलणार कसा? वाडीत कोणाला पुढे करावं हे ठरवताना तेव्हापासून मी आधी एवढंच बघते की तो कोणाचा देणेकरी आहे.

तुमच्याकडे जमीनमालक, भट्टीमालक, दुकानदार आणि पंचायतीतले वजनदार लोक एकमेकांच्या किती नात्यातले आहेत, हे तुम्हालाच ठाऊक. बऱ्याच गावांत ते एकाच घरातले असतात. तसं असेल तर कुठलीही एक व्यक्ती, तुम्ही धरून, त्यांच्यापुढे एकटी उभी राहू नये.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण इतर जिल्ह्यांतले लोकही हे वाचतील. पहिली गोष्ट, तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी पट्ट्यात, आहे की नाही. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्राला १९९६ चा पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. राज्याचे नियम २०१४ साली आले. तिथे एखादा पाडा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा होते, आणि योजनेचे लाभार्थी निवडायचा अधिकार त्या ग्रामसभेला असतो. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्र १३ जिल्ह्यांत आहे आणि रायगड त्यात नाही. कातकरींची एवढी मोठी वस्ती इथे, तरीही नाही. याचा अर्थ, तुमच्या वाडीच्या बैठकीला पेसाचं बळ नाही. निर्णय मोठ्या गावाच्या ग्रामसभेत होणार, जिथे तुमची माणसं थोडी आणि बहुतेक मागे उभी. म्हणून तुमच्याकडे वाडीची बैठक कागदावर आणणं जास्तच गरजेचं. कायद्याने न मिळालेलं वजन तिथे सह्या, अंगठे आणि पोच घेतलेल्या अर्जांनी उभं करावं लागतं.

दुसरी गोष्ट, जमीन कोणत्या प्रकारची. त्यावर पुढे येते.

तिसरी, वेळ. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ग्रामसभा ठरलेल्या दिवशी होतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कातकरी माणूस दिवाळीनंतर भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. म्हणजे चारातल्या दोन ग्रामसभांना निम्मी वाडी गावातच नसते. घरकुलाचा सर्व्हे करणारा माणूस फेब्रुवारीत आला तर दाराला अडकवलेली काटकी बघून ‘कुटुंब आढळले नाही’ असं लिहून जातो. मी बघितलेल्या बहुतेक वाड्यांमध्ये यादीतून सुटलेली घरं ही भट्टीवर गेलेल्यांचीच होती. तुमचा ठरावही नेमका २६ जानेवारीला ठेवलाय. कोणी मुद्दाम ठेवला असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच होतो.

तेव्हा पहिलं काम हे करा. आजच सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांना लेखी द्या की वाडीतली इतकी कुटुंबं कामासाठी बाहेर आहेत, घरकुलाच्या जागेचा विषय त्यांच्या गैरहजेरीत घेऊ नये, त्यासाठी शिमग्याच्या सुमारास विशेष ग्रामसभा लावावी. शिमग्याला माणसं वाडीवर येतातच. अर्जाची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना (बीडीओ) आणि एक पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला. तिन्हीकडची पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली.

घरकुलं परत जातील ही भीती कितपत खरी? मुदती असतात, आणि निधी अडकून राहिला की वरून दबाव येतो, हे खरं. पण ‘जागा नाही म्हणून घर रद्द’ हे इतकं सरळ नाही. ग्रामीण आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय की लाभार्थी भूमिहीन असेल तर त्याला जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्याची. तेव्हा बीडीओंना लेखी विचारा : आमच्या २२ घरकुलांची अंतिम मुदत कोणती, आणि भूमिहीन लाभार्थ्यांना जागा देण्यासाठी कार्यालयाने आजवर काय केलं? तोंडी दाखवलेल्या भीतीला लेखी प्रश्न विचारला की बऱ्याचदा ती तिथेच निवते.

आता बैठकीबद्दल. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण ती कशी घेतली यावर पुढचं सगळं अवलंबून राहील.

दिवसा ठेवू नका. रात्री जेवणं झाल्यावर, कोणाच्या तरी अंगणात. शाळेत किंवा समाजमंदिरात नको, तिथे माणसं पाहुण्यासारखी बसतात. आधी फक्त बायकांची बैठक, निदान एक तास. नंतर सगळ्यांची. गावाच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदाच सांगतो, म्हणून ती पद्धत वाडीतही रूढ करा.

बोलण्याने सुरुवात केलीत तर तीन-चार पुरुषच बोलतील. त्यापेक्षा जमिनीवर वाडी काढा. एका वाडीत आम्ही रांगोळीने ओढा, रस्ता, हातपंप काढला आणि बायकांच्या हातात चिंचोके दिले. प्रत्येकीने आपल्या घराच्या जागी जितक्या चुली वेगळ्या असतील तितके चिंचोके ठेवायचे. पंचायतीच्या नोंदीत घरं होती ३१. चिंचोके झाले ४०. एकाच कुडाच्या घरात दोन सुना, दोन चुली, नोंद मात्र एकच. चार कुटुंबं अशी, जी सर्व्हेच्या वेळी भट्टीवर होती. एका विधवा बाईचं घर कोणाच्याच कागदावर नव्हतं, तिने चिंचोका ठेवला आणि तिथेच हात धरून बसून राहिली. तुमच्या वाडीत ३८ घरं आणि २२ मंजुऱ्या आहेत. उरलेल्या १६ घरांत काय चाललंय ते पहिल्याच रात्री उघड्यावर आलं नाही तर पुढे तेच तुमच्याविरुद्ध उभे राहतील, आणि त्यांचं काही चुकणारही नाही.

मग मंजूर यादी मोठ्याने वाचा. तुमचं, तुमच्या भावाचं, दिराचं नाव त्यात असेल तर सगळ्यात आधी ते वाचा. कोणी विचारायच्या आत. माझ्या अनुभवात ‘त्यांच्यातली झाली’ ही कुजबुज नव्वद टक्के इथून उठते : यादीत काय आहे ते फक्त सदस्याला माहीत असतं आणि वाडीला नसतं.

त्या रात्री तीनच गोष्टी ठरवा. राहायचं कुठे, म्हणजे इथेच की दुसरीकडे, आणि दुसरीकडे असेल तर कोणत्या अटींवर. घर कसं हवं. आणि वाडीतर्फे कचेरीत जाणार कोण. या शेवटच्या कामासाठी एकाला निवडू नका, पाच जण निवडा. त्यात निदान दोन बायका, एक वाचता-लिहिता येणारा पोरगा किंवा पोरगी, एक जुनं माणूस ज्याला वाडी कधी वसली हे आठवतं, आणि एक जण भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतला. मुकादम नको. पाच जणांना एकच नियम : वाडीचा निरोप न्यायचा, तिकडचा निरोप आणायचा, आणि वाडीत परत आल्याशिवाय कशालाही हो म्हणायचं नाही. हा नियम तुम्हालाही लागू. जे लिहाल ते तिथेच वाचून दाखवा आणि सह्या-अंगठे घ्या. भट्टीवर असलेल्यांसाठी दोघांनी तिथे जाऊन यावं. मी स्वतः भट्टीवर रात्री नऊ वाजता, विटांच्या चळतीवर बसून अशी बैठक घेतलेली आहे. माणसं दमलेली होती, पण एकही जण उठून गेला नाही.

ग्रामसभेत बोलताना एक शब्द बदला. ‘मला वाटतं’ म्हणू नका. ‘वाडीने अमुक तारखेच्या बैठकीत असं ठरवलंय’ म्हणा. ‘मला वाटतं’ म्हणालात की समोरचा तुम्हाला समजावायला बसतो. ‘वाडीने ठरवलंय’ म्हणालात की त्याला वाडीत यावं लागतं. तिथल्या तिथे सही मागितली तर : “वाडीपुढे ठेवते, आठ दिवसांत लेखी कळवते.” एवढंच वाक्य, शांतपणे, लागेल तितक्या वेळा. तुमच्या म्हणण्याची नोंद प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, घ्यायला सांगा आणि सभा संपायच्या आत वाचून दाखवायला लावा. ठरावाची नक्कल अर्ज करून मागा. आणखी एक, हजेरीच्या पानावर सही करताना आधी बघा की पानाच्या वर काय लिहिलंय. मागे कोऱ्या जागेत ठराव उतरवून हजेरीच्या सह्या संमती म्हणून दाखवल्याचं मी एका पंचायतीत पाहिलंय. सहीपुढे ‘फक्त हजेरी’ लिहिण्यात काही गैर नाही.

आता तुमच्या स्वतःच्या पदाबद्दल, कारण बोलायला लागलात की सगळ्यात आधी त्याच्यावरच घाव येईल. दोन ठिकाणं कच्ची असतात. एक, जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर निवडून आलेल्याने ते मुदतीत सादर केलं नाही तर सदस्यत्व जातं, आणि कित्येक आदिवासी सदस्य यातच गेलेत. तुमचं काम कुठवर आलंय ते आजच तपासा. दुसरं, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम १४ (१) (ज-३). सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण असलेली व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही ते लागू धरलं. ज्या समाजाच्या पायाखाली पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या नावाची जमीनच नाही, त्याच समाजाच्या प्रतिनिधीवर हे कलम सगळ्यात सहज चालवलं जातं. मला याचा राग येतो. पण रागाने पद वाचत नाही. तुमचं घर नेमकं कोणत्या गट नंबरात आहे आणि त्या गटाचा सातबारा कोणाच्या नावावर, हे काढून ठेवा. खासगी मालकाच्या जमिनीवर असेल तर हे कलम तुमच्यावर चालवणं अवघड. सरकारी किंवा वनखात्याच्या जमिनीवर असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल नको.

जमिनीचा प्रश्न घराच्या आधी सोडवा, असं मी प्रत्येक वाडीला सांगते. घर दोन लाखांचं असतं, त्याखालच्या दोन गुंठ्यांची किंमत आज रायगडात त्याहून कितीतरी जास्त असू शकते. खांब रोवले जातायत ते त्यासाठीच.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे जमीन खासगी असेल तर आधी पंचायतीतून प्रत्येक घराचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा, उतारा काढा. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिलं, मतदारयादी, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, जे मिळेल ते. वाडी किती जुनी आहे हे यातून दाखवायचंय. मग १९४८ चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, कलम १६ ते १८. भूमालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधलं असेल तर त्याला तिथून सहजी काढता येत नाही, आणि मालक ती जागा विकणार असेल तर घेण्याचा पहिला हक्क त्याचा. हेच संरक्षण शेतमजूर आणि गावच्या कारागिरांनाही आहे. अटी आहेत, पुरावा लागतो, तहसीलदारांपुढे वेळ लागतो. तरी पहिला अर्ज हाच करा, कारण त्याने निदान असा वाद कागदावर येतो की तुम्ही मेहरबानीने राहत नाही. जोडीने जिल्हाधिकाऱ्यांकडे गावठाण विस्ताराची मागणी ठेवा. ही मागणी गावातल्या इतर भूमिहीनांना बरोबर घेऊन करा. कुणबी, बौद्ध, धनगर, ज्याला ज्याला जागा नाही तो या मागणीत तुमच्याबरोबर येऊ शकतो. एकट्या वाडीचा अर्ज फायलीत दबतो आणि गावाच्या मागणीवर ग्रामसभेत हात वर होतात.

एका कागदापासून मात्र सावध राहा. घरकुलाची फाईल पुढे सरकावी म्हणून कधी कधी मालकाकडून संमतीपत्र आणायला सांगतात. त्यात बऱ्याचदा अशा अर्थाचं वाक्य असतं की अमुक इसम माझ्या परवानगीने राहत असून त्याचा जागेवर हक्क नाही. खाली लाभार्थ्याचा अंगठा. घर मिळेल, पण त्या एका अंगठ्याने पन्नास वर्षांचा वहिवाटीचा दावा स्वतःच्या हाताने सैल होतो. संमतीपत्राऐवजी मालक खरोखर द्यायला तयार असेल तर नोंदणी केलेलं बक्षीसपत्र किंवा खरेदीखत करा. खरेदीसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला एक लाखापर्यंत मदत मिळते. मुंबई-पुण्याजवळच्या भावात ती अपुरी पडते, पण आतल्या गावांत उपयोगी पडलेली मी पाहिली आहे.

मोजणीत जमीन वनखात्याची निघाली तर रस्ता वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्यात शेतीबरोबर राहत्या जागेचाही दावा करता येतो, ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा. दावा प्रलंबित असताना हुसकावता येत नाही. वनहक्क समितीत दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. तुमच्या गावातली समिती कागदावर कोणाची आहे ते बघा. आणि सरकारी जमीन निघाली तर १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचं शासनाचं धोरण आहे, त्यात अर्ज करा. कुंपण घालताना घरं तोडली किंवा वाट बंद केली तर अॅट्रॉसिटी कायद्यात जमिनीवरून बेकायदा हुसकावण्याबद्दल स्पष्ट तरतूद आहे. माझा सल्ला असा की ती धमकी म्हणून आधी वापरू नका. प्रसंग आला तर तक्रार पूर्ण तयारीनिशी करा, मधल्या काळात खांबांचे फोटो, तारखा आणि साक्षीदार नोंदवून ठेवा.

रस्त्याकडेची जागा वाईटच असेल असं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगरावरची ती ठाकरवाडी, वर जायला गाडीरस्ताही नव्हता. वाचलेल्यांना नंतर कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहावं लागलं. तुमची वाडी उताराखाली असेल, पावसात वरून माती येत असेल, तर हलणं हाच शहाणपणा असू शकतो. पण मग वाडीने अटी घालाव्यात : आधी जागा नावावर, मग घर. पाण्याची सोय आधी. ओढ्याकडे आणि रानाकडे जायची वाट मोकळी. सगळी वाडी एकत्र हलणार, २२ घरं तिकडे आणि १६ इकडे असं नाही. आणि जुन्या जागेवरचा दावा सोडल्याचं कुठेही लिहून द्यायचं नाही.

घराबद्दल थोडक्यात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन आदिम जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या जनमनमध्ये घराला २ लाख मिळतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० धरून ते २ लाख ३९ हजारांपर्यंत जातं. साध्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार असतात. पैसे टप्प्याटप्प्याने, जोत्याचा, भिंतींचा, छताचा फोटो चढला की लाभार्थ्याच्या खात्यावर येतात. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही, असं योजनाच म्हणते. तरी कोणीतरी येईल आणि म्हणेल, सगळ्यांची पासबुकं माझ्याकडे द्या, मी एकदम बांधून देतो. पासबुक देऊ नका. वाडीतले चार गवंडीकाम येणारे आणि बाहेरचा एक चांगला मिस्त्री धरा, सिमेंट-लोखंड एकत्र घ्या. पहिला हप्ता संपला म्हणून भट्टीमालकाकडून घरासाठी उचल घेऊ नका. त्या उचलीपायी पुढची दोन वर्षं भट्टीवर जातात.

घर किमान २५ चौरस मीटर असावं लागतं. हा आकडा कोणाला कळत नाही, म्हणून मी तो जमिनीवर काढते. पाच मीटर बाय पाच मीटर, फक्कीने. मग बायकांना आत उभं करते. एका वाडीत पहिली बाई आत गेली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, चूल कुठंय? नकाशात चुलीला जागा होती, पण धूर जायला वाट नव्हती. दुसरीने मागच्या बाजूला दार मागितलं, ओढ्याकडे जायला. तिसरीने पडवी मागितली, कारण पावसात सरपण, शेळी आणि म्हातारा तिघंही पडवीतच असतात. मग आतली खोली थोडी लहान केली आणि पुढे पत्र्याची पडवी काढली. अर्ध्या तासाचं काम होतं. कागदी नकाशापुढे याच बायका गप्प बसल्या होत्या.

मंजुरी नवरा-बायको दोघांच्या किंवा बाईच्या नावावर होऊ शकते, तिचा आग्रह धरा. आधारवरचं, रेशनकार्डावरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही म्हणून बाईचं नाव मागे पडतं. त्यासाठी प्रकल्प कार्यालयाकडे वाडीत शिबिर मागा, सगळ्यांची नावं आणि जातीचे दाखले एकाच दिवशी होतील अशा बेताने.

राहता राहिली ती कुजबुज. त्यावर स्पष्टीकरण देत फिरू नका. दर महिन्याच्या मासिक सभेतून आलात की त्याच रात्री अंगणात बसून काय झालं ते वाचून दाखवा, पोच घेतलेले अर्ज सगळ्यांच्या हातात फिरवा. वाचता येत नसलं तरी शिक्का दिसतो. अर्जांची फाईल तुमच्या घरी ठेवू नका, पाच जणांपैकी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा, म्हणजे कोणीही कधीही मागून बघेल. माझ्या एका वाडीत ती फाईल एका आजीच्या पेटीत असायची. ती स्वतः वाचत नसे, पण कोणता कागद कोणत्या दिवशीचा हे बोट ठेवून सांगायची.

नमुना ८ आणि सातबारा हातात आले की जमीन कोणत्या प्रकारची निघाली आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात काय लिहिलंय ते इथेच कळवा. नाव, गाव, गट नंबर लिहू नका. तहसीलदारांकडच्या पहिल्या अर्जाचा मसुदा त्यावरून आपण मिळून करू.